झाकण लागण्याआधी

प्राणवायूच्या चेंबरच्या खोलीबाहेर लाकडी बाकावर बसलेल्या माझ्या भावांनो आणि बहिणींनो,

तुमच्यातल्या कुणाची टाच सहा महिने उघडी आहे. कुणाच्या जबड्यावर किरणांच्या उपचाराने पडलेलं भोक बुजत नाही. कुणाचे टाके निघाले, पण खालचं मांस जीव धरत नाही. दुखणी वेगवेगळी, तक्रार एकच. ती मी बोलून दाखवतो, कारण आयुष्यभर मी दुसरं काही केलेलं नाही. या दारातून जो येतो तो आपल्याला सांगतो, 'घाबरू नका.' डॉक्टर सांगतात, सिस्टर सांगते, घरचे सांगतात, भिंतीवरचा फलकसुद्धा सांगतो. आपण घाबरलो आहोत का, हे मात्र कुणी विचारत नाही. 'घाबरू नका' म्हटलं की सांगणाऱ्याचं काम संपतं आणि ऐकणाऱ्याचं तोंड बंद होतं.

माझं तोंड असंच बंद झालं. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली आणि त्यातली पंचवीस वर्षं कामगारांच्या सभा गाजवल्या, ते हे तोंड. ते कसं बंद झालं हे मी नव्याने रंगवून सांगणार नाही. माझी धाकटी बहीण दुसऱ्या गावी एका रुग्णालयात असंच चेंबर चालवते. आम्हा दोघांत फोन चालत नाही. फोनवरचं बोलणं म्हणजे न छापलेला मजकूर, असं माझं मत आहे आणि माझ्या मतांना ती लहानपणापासून वैतागलेली आहे. आमची पत्रं खाली जशीच्या तशी लावली आहेत. तिला विचारलं आहे. क्रमाने वाचा. शेवटच्या पानावर उडी मारू नका. आपल्यातल्या बऱ्याच जणांना ती तशीही झेपणार नाही.

५ जानेवारी

प्रिय बारके,

शेवटी तुझ्याच धंद्याच्या दारात येऊन पडलो. नोव्हेंबरात मोर्चाला गेलो होतो, बूट नवे. संध्याकाळी काढले तर डावा मोजा लाल, आणि बुटात वाटाण्याएवढा खडा. दिवसभर त्याच्यावर चाललो, घोषणा दिल्या, आणि मला कळलंसुद्धा नाही. साखरेने पायाच्या नसा कधीच बधिर केल्या आहेत, हे सर्जनबाईंनी टाचणी टोचून दाखवलं. मी म्हटलं, 'टोचा ना.' त्या म्हणाल्या, 'टोचून झालं.'

दोन महिने ड्रेसिंग, औषधं. जखम दोनदा खरवडून काढली. ती आता हाडापर्यंत गेली आहे. भोवतीच्या कातडीला चकत्या चिकटवून तिथे प्राणवायू किती पोचतो ते मोजलं, कमी पोचतो. सर्जनबाई म्हणाल्या, 'चाळीस बैठका घ्या चेंबरच्या. ड्रेसिंग, औषध, पथ्य चालूच राहील, हे त्याच्या जोडीला. आणि नाहीच जमलं तर गुडघ्याखालून...' एवढं बोलून त्यांनी बोटाने हवेत एक रेघ मारली. मुद्रितातला नको असलेला शब्द मी छाटत असे, हुबेहूब तशी.

पाय वाचला पाहिजे, बारके. मला उभं राहिल्याशिवाय बोलता येत नाही. बसून केलेलं माझं एकही भाषण कुणाच्या लक्षात नाही, माझ्यासुद्धा.

तेव्हा सगळं लिही. दाब किती, वेळ किती, कानांचं काय. आणि एक, आपलं कुतूहल म्हणून विचारतो: ते झाकण आतून उघडतं का?

सूनबाई म्हणते, 'बाबा, न्हाणीघरात गाता तसं आतही गा, वेळ जाईल.' घरभर हशा.

तुझा दादा

९ जानेवारी

दादा,

मोजा लाल झाल्यावर तू मला दोन महिन्यांनी कळवतोस? बरं, भांडण भेटीत.

ऐक. समुद्रात पंचेचाळीस फूट खोल गेल्यावर अंगावर जेवढा दाब येतो, तेवढा आम्ही चेंबरमध्ये आणतो. म्हणून आम्ही एका बैठकीला 'बुडी' म्हणतो. आत नुसता प्राणवायू. एरवी तो रक्तातल्या लाल पेशींच्या पाठीवर बसून जातो, आणि तुझ्यासारख्यांच्या पायातल्या बारीक नळ्यांपाशी ती गाडी अडते. दाबाखाली तो थेट रक्ताच्या पाण्यातच विरघळतो आणि एरवी पोचत नाही तिथवर झिरपतो. रोज दोन तास असं केलं की हळूहळू नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. पण अर्धवट सोडणाऱ्याला येत नाही, हे मी पैजेवर सांगते.

कान दडपतील. नाक दाबून फुंकायचं, आवंढे गिळायचे. अंगावर फक्त सुती गाऊन. तेल नाही, मलम नाही, घड्याळ नाही, फोन नाही. आत ठिणगी म्हणजे संपलंच. वर्तमानपत्रसुद्धा नाही, त्यामुळे दोन तास तुला कुणाच्या चुका काढता येणार नाहीत, हीच काय ती शिक्षा. काच आरपार असते. बाहेर आमच्यासारखं कुणीतरी बसलेलं असतं, माइकवरून बोलता येतं.

झाकण आतून उघडत नाही. बाहेरूनही लगेच नाही, आधी दाब उतरवावा लागतो, त्याला काही मिनिटं जातात. पण तुला कशाला उघडायचंय?

गंमत सांगते. गेल्या वर्षी आमच्याकडे एक ट्रकवाला आला. सहा फूट, मिशा अशा की पोरं बघूनच रडावीत. झाकण लावून चार मिनिटं झाली नाहीत तोच आतून आरोळी, थेट कुकरची शिट्टी. वर आणला तर गाऊन ओला. पुन्हा फिरकलाच नाही. आम्ही त्याचं नावच 'शिट्टी' ठेवलं. अजून चहाच्या वेळी कुणी शिट्टी मारली की सगळे पोट धरून हसतात.

आणि तू? संपात गोदामात अकरा दिवस कोंडलेला, आणि सुटल्याबरोबर तिथल्याच पायरीवर पाऊण तास भाषण ठोकणारा माणूस. तुला 'घाबरू नकोस' म्हणणं म्हणजे माझाच अपमान.

तुझी बारकी

१८ जानेवारी

प्रिय बारके,

पहिल्या बैठकीला आत गेलो. काय यंत्र आहे! माणसाने हवेलाच वेठीला धरून कामाला लावलं आहे. लोखंडी चौकटीत आडवी काचेची नळी, त्यात सरकणारं फळकूट, त्यावर मी, पांढऱ्या गाऊनमध्ये, दुकानात मांडलेल्या बाहुल्यासारखा. झाकण लागल्यावर बाहेरचा आवाज एकदम कापला जातो. मग फुस्स करून हवा भरू लागते आणि जरा उकडतं. कान दुखले, तू म्हणालीस तसे. चेंबर चालवणारा गृहस्थ सज्जन आहे, कमी बोलतो.

विज्ञानावर माझा विश्वास होताच, आता तो दृढ झाला. पुढचं काय लिहू, तुला सगळं ठाऊकच आहे.

त्या ट्रकवाल्याचं पुढे काय झालं?

तुझा दादा

२३ जानेवारी

दादा,

ऊर भरून आला वाचून. मी इथे सगळ्यांना दाखवलं तुझं पत्र, 'दुकानातला बाहुला' तर दोन-दोनदा वाचला.

कान फार दुखले तर लपवू नकोस. आत जाण्याआधी साखर तपासून घे, बुडीत ती खाली येते. आणि दर आठवड्याला जखम मापून कळव: लांबी, रुंदी, खोली.

ट्रकवाल्याचं काय होणार? गेला असेल दुसऱ्या डॉक्टरकडे. तुला बरा आठवला.

तुझी बारकी

११ फेब्रुवारी

प्रिय बारके,

आज एकोणीस दिवस झाले. सूनबाई सकाळी नऊला सोडते, बाराला न्यायला येते. बाहेर एक बाक आहे, त्यावर आमची सभा भरते. मला सगळे 'सभापती' म्हणू लागले आहेत. प्राणवायू रक्तात कसा विरघळतो, नव्या वाहिन्या कशा फुटतात, हे मी येणाऱ्या प्रत्येकाला समजावतो. तुझंच ज्ञान, फक्त माझा आवाज.

एक शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत. गालाला किरण दिले होते, आता तिथलं हाड उघडं पडलंय. तोंडावर ओढणी धरून बसायच्या. पहिल्या दिवशी म्हणाल्या, 'मला नाही जायचं आत, मी परत जाते.' मी त्यांना अर्धा तास समजावलं. नाक दाबून कान कसे मोकळे करायचे, ते बाकावरच शिकवलं. गेल्या. परवा बाहेर येऊन म्हणाल्या, 'सभापती, जरा गुलाबी दिसतंय म्हणे.' लोक टाळ्या वाजवू लागले. पंचवीस वर्षांत इतकी खरी टाळी मी ऐकली नव्हती.

माझी जखम अजून होती तशीच. तीन बोटं लांब, दीड बोट रुंद. खोलीचं सर्जनबाई सांगत नाहीत.

तुझा दादा

१४ फेब्रुवारी

दादा,

धीर सोडू नकोस, वीसनंतरच फरक दिसू लागतो.

आता एक मजा होईल ती आधीच सांगून ठेवते, नाहीतर घाबरशील. वीसेक बुड्या झाल्या की तुझ्या वयाच्या बऱ्याच जणांची नजर फिरते. लांबचं धूसर होतं, आणि जवळचं चष्म्याशिवाय लख्ख दिसू लागतं. म्हातारे खूश होतात, 'डोळे सुधारले' म्हणून पेढे वाटत सुटतात. बैठका संपल्या की दोन-तीन महिन्यांत जैसे थे. तेवढ्यासाठी नवा चष्मा करायचा नसतो. तुझं सुरू झालं का? माझं हे पत्र चष्मा काढून वाचून बघ बरं.

तुझी बारकी

१९ फेब्रुवारी

प्रिय बारके,

काढून बघितला. तुझ्या अक्षराच्या मुंग्या झाल्या. चष्म्यावर आणखी भिंग धरावं लागलं. माझे डोळे विज्ञानालाही दाद देत नाहीत, असं दिसतंय.

पायाचा अंगठा जरा काळसर वाटतो. सूनबाई म्हणते, आयोडिनचा डाग असेल.

शिवणकामवाल्या बाईंनी आज ओढणी काढली.

तुझा दादा

२२ फेब्रुवारी

दादा,

नजर सगळ्यांचीच फिरते असं नाही. म्हणून मी आधी गप्प बसले. मग रात्रपाळी नव्हती, तर तुझी सगळी पत्रं काढली आणि तुझ्याच पद्धतीने तपासली, ओळीवर पट्टी ठेवून.

झाकण लागतं, आवाज कापला जातो, उकडतं, कान दुखतात. ही सगळी पहिली दहा मिनिटं आहेत, दादा. मध्ये साधी हवा घ्यायला मुखवटा लावतात, त्याचा शब्द नाही. दाब उतरताना आत गार पडतं, काच धुरकटते. प्रत्येक पेशंट ते सांगतो, तू नाही. साखर खाली आल्याचं एकदाही नाही. आणि अकरा तारखेला तू 'एकोणीस बैठका' लिहिलं नाहीस, 'एकोणीस दिवस' लिहिलंस. खोटं छापू नये ही तुझी खोड.

मी सूनबाईला फोन केला. ती बिचारी म्हणाली, 'अहो आत्या, रोज नऊला सोडते मी स्वतः.'

नऊ ते बारा तू कुठे असतोस?

बारकी

२७ फेब्रुवारी

प्रिय बारके,

बाकावर असतो. सापडलो, मान्य.

पण कारण ऐकलंस तर तुलाही पटेल. इथे चेंबर एकच आणि माणसं सहा. शिवणकामवाल्या बाईंचं वय अडतीस, पदरात दोन मुली. मी सदुसष्ट वर्षांचा. माझी भाषणं करून झाली, घर उभं राहिलं, मुलगा कमावता आहे. मी माझी पाळी त्या बाईंना दिली. ज्याची गरज मोठी त्याला आधी, हे मी आयुष्यभर व्यासपीठावरून ओरडत आलो. स्वतःवर आल्यावर शब्द फिरवू? एका पायाच्या मोबदल्यात एका आईचा चेहरा. हा सौदा मला महाग वाटत नाही.

याउपर हा विषय नको.

तुझा दादा

२ मार्च

दादा,

विषय पाहिजे. तत्त्वाला मध्ये ओढू नकोस, ते बिचारं आधीच तुझ्या कामाने थकलंय.

सतरा वर्षं मी हे चेंबर चालवते. बुडी कुणी कुणाला देऊ शकत नाही. प्रत्येकाचा डॉक्टरांच्या सहीचा कागद असतो, किती दाब, किती वेळ, किती दिवस. त्या बाईंना त्यांच्या वाट्याची रोजची एक बुडी मिळते, तू असलास काय नि नसलास काय. तुझ्या वेळेला कुणी आत गेलं नसेल तर चेंबर रिकामं पडून राहिलं असेल. म्हणजे तू सव्वा महिना रिकामं चेंबर बघत बाहेर बसलास, आणि आता त्यावर त्यागाची पाटी लावतोयस. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तू त्याला भर सभेत सोलून काढलं असतंस.

अंगठा काळा पडलाय तो आयोडिनने नाही. हे पत्र हातात पडेल त्याच दिवशी सर्जनबाईंना दाखव. उद्या नाही, त्याच दिवशी.

आणि मला सांग, पहिल्या दिवशी आत काय झालं?

बारकी

६ मार्च

बारके,

अंगठा दाखवला. सर्जनबाईंनी हातमोजे बदलले आणि पुन्हा बघितलं. ताप आहे. उद्यापासून इथेच राहायचं आहे.

आता सांगतो. सांगायला सोपं नाही, म्हणून आडवळणाने जातो.

गोदामात मला अकरा दिवस कोंडलं होतं, ते तू लहान असताना घरी ऐकलंस. तिथे खिडकी नव्हती आणि दाराला आतून कडी नव्हती, हेही ऐकलंस. सुटल्यावर पायरीवर मी पाऊण तास बोललो, ते तर सगळ्यांनीच ऐकलं. मी पाऊण तास का बोललो ठाऊक आहे? भाषण संपलं की लोक मला घरी नेणार होते आणि घराला दार होतं. मी उघड्यावरून हलायलाच तयार नव्हतो.

त्या दिवसापासून मी न्हाणीघराला कडी लावलेली नाही. कुणी आत येऊ नये म्हणून गातो. चाळीस वर्षं तुम्ही सगळे त्या गाण्यांना हसत आलात आणि मी तुम्हाला हसू दिलं. तुझी वहिनी गेली तिलासुद्धा ठाऊक नव्हतं. तिला वाटायचं, आपला नवरा आनंदी आहे.

चेंबरचं झाकण लागलं तेव्हा मी सत्तेचाळीस आकडे मोजले. मग आकडे संपले. म्हणजे पुढचा आकडा कुठला तेच आठवेना. समोर काच होती, काचेपलीकडे माणूस होता, वर माइक होता. माइक, बारके! माझ्या आयुष्यात माइकसमोर मला शब्द सापडला नाही असं एकदाही झालेलं नाही. मला फक्त 'थांबा, मला भीती वाटते' एवढंच म्हणायचं होतं. ते आलं नाही. जे आलं ते शिट्टीसारखं होतं. अकराव्या मिनिटाला मला वर घेतलं. गाऊन ओला होता.

त्या सज्जन माणसाने कुणाला सांगितलं नाही. म्हणाला, 'होतं असं, डॉक्टरांशी बोलू, मार्ग असतो.' मी म्हटलं, 'कान दुखतात.' कागदावर तेच लिहायला लावलं. कान बरे होईपर्यंत थांबू म्हणाले, मग मी रोज कान दुखवत राहिलो. रोज येत होतो. रोज ठरवत होतो की आज जायचं. बाई आत जायच्या तेव्हा मी काचेच्या दारातून बघायचो, आणि माझेच हात घामाने ओले व्हायचे.

तुला का नाही सांगितलं, हे विचारशील. तुझं नऊ जानेवारीचं पत्र काढून वाच. त्या माणसाला नाव ठेवून तुम्ही हसत होता. मला दुसरी शिट्टी व्हायचं नव्हतं, निदान तुझ्यासमोर तरी नाही.

दादा

१० मार्च

दादा,

वाचलं.

मी काय केलं ते तूही ऐक. जुनी नोंदवही काढली आणि त्या ट्रकवाल्याचा पत्ता शोधून त्याच्या घरी गेले. बायकोने दार उघडलं. म्हणाली, 'तिकडून आल्यावर कुठेच जायला तयार झाले नाहीत. म्हणायचे, सगळे हसले मला.' पाय सडला, विष अंगात भिनलं. जाऊन आठ महिने झाले. मी दारातच उभी होते. मी त्याचं खरं नाव विचारलं, तेव्हा ती म्हणाली, 'तुमच्याकडे लिहिलेलं नव्हतं का?' लिहिलेलं होतं, दादा. आम्ही वाचलं नव्हतं.

काल चहाच्या वेळी कुणीतरी शिट्टी मारली. मी सगळं सांगितलं. कुणी चहा प्यायला नाही.

आता तुझं. मार्ग असतो, आणि तो मला ठाऊक होता, एवढंच मला खातंय. पहिल्या दिवशी झाकण उघडं ठेवून नुसतं आडवं व्हायचं. दुसऱ्या दिवशी झाकण लावायचं, दाब नाही, दोन मिनिटं. डॉक्टर गरज पडली तर हलकी गोळी देतात. काचेशी कुणीतरी पूर्ण वेळ बसायचं, यंत्राकडे न बघता तुझ्याकडे बघत. तू तळहात काचेला लावलास की आम्ही दाब उतरवायला लागायचं, काही विचारायचं नाही. असं करून मी कितीजणांना आत नेलंय. त्यांनी सांगितलं म्हणून. तू मला विचारलं होतंस. 'झाकण आतून उघडतं का?' तू विचारलं होतंस आणि मी विनोद केला.

रजा टाकली आहे. चौदाला पोचते. काचेशी मी बसेन. तोवर आतल्या कुणाला तरी सांग. मला सांगितलंयस तसंच सांग.

तुझी बारकी

११ मार्च

तीर्थरूप आत्याबाईंना नमस्कार.

हे पत्र घाईत लिहितेय. फोन केला होता, तुमचा लागला नाही. काल पहाटे बाबांचा ताप खूप वाढला आणि ते काहीबाही बोलू लागले. काळेपणा घोट्यापर्यंत आला होता. सर्जनबाई म्हणाल्या, आता चेंबरची वेळ निघून गेली, थांबलो तर जिवावर बेतेल. दुपारी डावा पाय गुडघ्याखालून काढला.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं काय मागितलं तर दार उघडं ठेवा म्हणाले. मी उघडं ठेवलं आहे. सिस्टर सारखी येऊन लावते, मी पुन्हा उघडते. आत्या, मी त्यांना रोज दारापर्यंत सोडत होते. एक दिवस आत जाऊन बघितलं असतं तर.

तुम्ही लवकर या.

तुमची सून

३० मे

बाकावरच्या माझ्या माणसांनो,

पत्रं इथे संपली, कारण बारकी आली आणि मग लिहायचं काही राहिलं नाही.

कापलेल्या पायाची शिवणही नीट भरेना. कडा निळ्या पडू लागल्या. सर्जनबाईंनी पुन्हा तोच कागद पुढे केला, चेंबरचा, आणि पुन्हा तीच रेघ हवेत मारली. या वेळी गुडघ्याच्या वर. मी चेंबर चालवणाऱ्या गृहस्थाला बोलावलं आणि सर्जनबाईंसमोर, सूनबाईसमोर, माझ्या बहिणीसमोर म्हणालो, 'मला भीती वाटते.' पंचवीस वर्षांतलं माझं सगळ्यांत छोटं भाषण. टाळी कुणी वाजवली नाही. त्या गृहस्थाने खुर्ची ओढली आणि विचारलं, 'कशाची? झाकणाची की आवाजाची?' बस्स, एवढंच. चार महिने आधी हे वाक्य मला हवं होतं आणि ते माझ्या एका वाक्याच्या पलीकडे उभं होतं.

तिसऱ्या दिवशी झाकण लागलं. बारकीने काचेला बाहेरून तळहात लावला, मी आतून. तिने दोन तास यंत्राकडे बघितलंच नाही. सत्तेचाळीसनंतर अठ्ठेचाळीस येतो, हे मला तिच्या ओठांवरून कळलं. तिची रजा संपल्यावर काचेशी सूनबाई बसली. आज माझ्या तीस बैठका झाल्या. शिवण भरत आली आहे. गुडघा राहिला.

फसवणार नाही तुम्हाला. चेंबरमध्ये वेळेवर गेलो असतो तर पाय वाचलाच असता का, हे मी सर्जनबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, 'सांगता येत नाही. कदाचित हो, कदाचित नाही.' माझ्या पायापेक्षा हे उत्तर जास्त दुखतं. पाय जाणं सोसता येतं. तो रोगाने नेला की माझ्या बंद तोंडाने, हे मरेपर्यंत कळणार नाही, ते सोसत नाही. आणि एक ट्रकवाला आहे, ज्याच्याबाबतीत असा 'कदाचित'सुद्धा उरलेला नाही. बारकी दर महिन्याला त्याच्या घरी जाते. बायको दार उघडते, आत या म्हणत नाही. ही उंबऱ्याबाहेर उभी राहते आणि परत येते.

शिवणकामवाल्या बाईंचा गाल भरला. त्यांना मी आत पाठवलं, त्याचं श्रेय मला देतात. मी त्यांना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, 'सभापती, मला वाटलं, इथे घाबरणारी मी एकटीच.' त्यांच्या शेजारी मी महिनाभर बसलो होतो.

हा सगळा मजकूर मी काल पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासला, चष्मा न लावता. अक्षर लख्ख दिसतं. बाकाच्या कडीला दोरीने बांधून ठेवतोय. घरी नेऊ नका, पुढच्याला लागेल.

आता आतून तुमचं नाव पुकारतील. तुम्ही उठाल, गाऊन घालाल, फळकुटावर आडवे व्हाल आणि कुणीतरी सवयीने म्हणेल, 'घाबरू नका.' त्याच क्षणी, झाकण लागण्याआधी, काचेशी उभ्या असलेल्या माणसाचा हात धरा आणि त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणा: 'मला भीती वाटते.'